पाठमोऱ्या दोघींना कापू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इटालियन धार्मिक चित्रांवर लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. आधी हे सांगते की पेपरात या विषयाला एवढी जागा दिलीत ते बघून फार बरं वाटलं, मी ते पान कापून ठेवलंय. पण त्यात जोत्तो या सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकाराच्या विलापाच्या चित्राचं, म्हणजे क्रुसावरून उतरवलेल्या येशूभोवती सगळे शोक करतात त्या चित्राचं, जे दोनतीन ओळींत उरकलं, की तेव्हाच्या चित्रकारांना खोली दाखवायला जमत नव्हतं, माणसं चपटी यायची, पुढे शंभर सव्वाशे वर्षांनी पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या रेघा लांब एका बिंदूला मिळवून खोली दाखवायची रीत, आलं आणि मग कुठे चित्रं खरी वाटायला लागली, ते मला अजिबात पटलं नाही. आणि त्याहून जास्त लागलं ते बाजूच्या फोटोचं. तो फोटो कापलेला होता. मेरीचं तोंड, येशूचं तोंड, वर थोडे देवदूत, बस. खाली बसलेल्या पाठमोऱ्या दोघी गायब. चित्राची सगळी खोली ज्यांच्यावर उभी आहे त्या दोघींनाच काढून टाकायचं आणि वर चित्र चपटं म्हणायचं, हे बरोबर नाही. म्हणून हे पत्र, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी कलासमीक्षक नाही. माहेर माशेलचं, घरची गणपतीची चित्रशाळा, लहानपणापासून हात मातीत. लग्न होऊन शिवोलीला आले. इथलं मोठं चर्च सांत आंतोनचं, म्हणजे पादुआच्या सांत आंतोनचं, त्यामुळे पादुआ हे इटलीतल्या गावाचं नाव मला नकाशावर बघायच्या कितीतरी आधी कानावर होतं. पुढे मुलगी शिकायला त्याच गावी गेली, तिला सोडायला म्हणून मी गेले, आणि तिथे स्क्रोवेन्यी कपेल बघितलं. कपेलच म्हणते, छोट्या प्रार्थनाघराला आपल्याकडे तोच शब्द आहे आणि ते आहेही तसंच, बाहेरून साधं विटांचं, लांबीला एकवीस मीटरही नाही आणि रुंदीला साडेआठ. एन्रिको स्क्रोवेन्यी म्हणून एक पैसेवाला होता, बाप सावकारीतून श्रीमंत झालेला, त्याने आपल्या वाड्याला लागून हे बांधून घेतलं आणि आतलं रंगकाम फ्लॉरेन्सच्या जोत्तोला दिलं. २५ मार्च १३०५ ला त्याची विधिवत प्रतिष्ठापना झाली, म्हणजे चित्रं सातशे वर्षांहून जुनी.

आत सहजासहजी सोडत नाहीत. आधी बुकिंग, मग एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आपल्या अंगाची दमट हवा आणि धूळ थेट चित्रांवर जाऊ नये म्हणून, एका वेळी पंचवीसच माणसं, आणि आत पुन्हा पंधराच मिनिटं. मला आधी ते कमी वाटलं होतं. आत गेल्यावर वर सगळं निळं आणि त्यात सोनेरी तारे, बाकीचे लोक वर बघत होते, मी पण बघितलं, पण नजर खाली भिंतीवर आली आणि विलापाच्या चित्रापाशी अडकली ती वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत. त्यामुळे त्या कपेलातली बाकीची कितीतरी चित्रं मी नीट बघितलेलीच नाहीत, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

चित्र असं आहे. येशूला क्रुसावरून उतरवलंय, तो आडवा, डोकं आपल्या डावीकडे. मेरीने त्याच्या गळ्याखालून हात घातलाय आणि तोंडाजवळ तोंड नेलंय. पायाशी येशूची शिष्या मग्दालेना, मोकळ्या केसांची, पाय हातात धरून. मध्ये शिष्य योहान वाकलेला, दोन्ही हात मागे फेकलेले. उजवीकडे दोन पुरुष गप्प उभे. डावीकडे बायकांची दाटी. आणि पुढ्यात, आपल्या अगदी जवळ, जमिनीवर बसलेल्या दोघी, आपल्याकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र ओढलेलं, तोंड दिसतच नाही. डावीकडची येशूच्या डोक्याला आधार देतेय. मेरी, योहान, मग्दालेना यांच्या डोक्यामागे सोनेरी वलयं आहेत, या दोघींना तेही नाही. कोणत्या बायका, नाव काय, काही नाही.

आता खोली कशाला म्हणायचं ते बघा. त्या दोघी पुढे आहेत म्हणून येशू त्यांच्या पलीकडे आहे. येशू पलीकडे आहे म्हणून मेरी आणखी पलीकडे, आणि तिच्या मागे योहान, त्याच्या मागे तो खडकाचा बांध, त्याच्या मागे आभाळ. एकामागे एक अशी जमीन तयार होत जाते आणि त्यातली एकही रेघ पट्टीने मारलेली नाही. माणसं जागा अडवतात, अंगाला जाडी आहे, वजन आहे, त्यामुळे दोन माणसांमध्ये हवा उरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दोघींच्या मागे कोण आहे, तर आपण. येशूभोवती माणसांचं कडं झालंय आणि ते आपल्या बाजूने त्या दोघींच्या पाठींनी बंद होतं, आपण त्यांच्या खांद्यावरून आत बघतोय. पुढून बघायला मिळेल अशी माणसं लावायची, सगळ्यांची तोंडं प्रेक्षकाकडे, हीच तर जुनी पद्धत होती, धार्मिक चित्रात तर जास्तच, कारण लोक समोर येऊन हात जोडणार. तिथे या माणसाने बरोबर पुढच्या जागेवर दोन पाठी बसवल्या.

हे वाचून कोणाला वाटेल की पाठीचं काय एवढं. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला विचारा. माझे सासरे गेले तेव्हा मी माशेलला होते, फोन आला तशी निघाले, पोचेपर्यंत सकाळचे दहा वाजले होते, अंगणात पुरुष उभे, आणि वसरीतून आत पाऊल टाकलं तर मला सासरे दिसले नाहीत, पाठी दिसल्या. शेजारच्या बायका, नणंदा, कोणाची चोळी कोणाचा ब्लाऊज, डोक्यावरून पदर, सगळ्या आत तोंड करून बसलेल्या. कोणीतरी सरकलं आणि मग मधून पाय दिसले, मग हात, मग तोंड. पादुआला त्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा मला तोच उंबरठा आठवला, इतका की मी एक पाऊल मागे घेतलं, आपण उशिरा आलोय आणि आता बाजूला कोणीतरी जागा करून देईल असं वाटलं. जोत्तोने येरूशलेमची गोष्ट काढलीय, त्याला शिवोलीच्या घरातली वसरी माहीत असायचं कारण नाही, पण मयताकडे येणाऱ्याला आधी काय दिसतं ते त्याने कुठेतरी बघितलं होतं आणि ते सोडलं नाही. खरेपणा म्हणतात तो मला तरी हाच वाटतो.

आमच्या चित्रशाळेत शिकाऊ पोराला आधी मूर्तीची पाठ करायला द्यायचे. कारण सोपं होतं, चूक झाली तरी पाठ भिंतीकडे जाणार, मखरात कोणाला दिसणार. मी पण तशीच शिकले आणि तेव्हाच कळलं की पाठ हे सगळ्यात कठीण काम. तोंड असलं की डोळे आखले, ओठाला रंग दिला की भाव येतो, बघणारा तोंडाकडे बघतो आणि बाकीचं माफ करतो. पाठीला काहीच नसतं, खांदा कुठे उतरलाय, कमरेचा भार कुठल्या बाजूला पडलाय, कापड कुठे ताणलंय आणि कुठे ढिलं पडलंय, एवढ्यावरच सांगायचं की हे माणूस बसलंय, नुसतं ठेवलेलं नाही. जोत्तोच्या त्या दोघींच्या कपड्याच्या चुण्या बघा, मोजक्या आहेत, भरमसाट नाहीत, पण एकेक चुणी खाली काय आहे ते सांगते, गुडघा कुठे, कोपर कुठे. त्या बायका मातीच्या ढिगासारख्या जड बसल्यात. मला तर वाटलं हे कोणीतरी आधी हाताने घडवलंय आणि मग रंगवलंय.

हेच फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममध्येही दिसतं, तिथे आम्ही नंतर एक दिवस गेलो. एकाच दालनात मेरी आणि बाळाची तीन मोठी चित्रं आहेत, चिमाबुएचं, दुच्चोचं आणि जोत्तोचं, तिघांचा विषय एकच. पहिल्या दोघांची कामं सुंदर आहेत, मी त्यांना कमी म्हणणार नाही, दुच्चोच्या रंगांवरून तर नजर हटत नाही. पण जोत्तोची मेरी सिंहासनावर टेकलीय, गुडघे पुढे आलेत, मांडीवर बाळाचं ओझं आहे. सोनं तिथेही मागे आहेच, तरी ती सोन्यातून बाहेर येऊन बसलीय.

लेखकाची एक गोष्ट मान्य करते. विलापाच्या चित्रातला डोंगर डोंगरासारखा नाही, मातीचं मोठं ढेकूळ वाटतं, आणि वर ते एकच झाड, पानं नसलेलं, काठी खोचल्यासारखं. बाकीच्या चित्रांत घरं माणसांच्या मानाने लहान आहेत, दारातून माणूस वाकूनही जाणार नाही. पुढे शंभरेक वर्षांनी चेन्निनो चेन्निनीने चित्रकारांसाठी पुस्तक लिहिलं त्यात चक्क सांगितलंय की डोंगर काढायचा असला तर खडबडीत दगड आणून समोर ठेवा आणि त्यावरून काढा. आपल्याकडे नाताळच्या गोठ्यात आणि गणपतीच्या मखरात डोंगर करताना तेच करतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण तो खडक नुसता मागे ठेवलेला नाही. उजवीकडे वरून निघतो आणि तिरपा खाली उतरत उतरत बरोबर त्या दोन तोंडांपाशी येऊन थांबतो, आईच्या आणि मुलाच्या. त्यामुळे नजर कुठूनही सुरू करा, घसरत तिथेच जाते. सगळ्यात मोठी गोष्ट चित्राच्या मधोमध न ठेवता खाली एका कोपऱ्यात ठेवायची आणि तरी कोणी चुकायचं नाही, यासाठी फार मोठं धाडस लागतं.

देवदूतांबद्दल पण लिहायलाच हवं कारण तुमच्या फोटोत ते आले होते पण धड दिसत नव्हते. ते हात जोडून रांगेत उभे नाहीत. वाऱ्यात सापडलेल्या पाखरांसारखे फिरतायत, एक सरळ आपल्या अंगावर येतोय, एक पाठ फिरवून आत चाललाय, कोणी गाल ओरबाडतोय, कोणी हात पसरलेत. आपल्या दिशेने येणारं अंग आखूड काढावं लागतं, नाहीतर ते पुढे येत नाही, हे मातीत आपोआप होतं पण सपाट भिंतीवर तसं डोळ्याला फसवणं म्हणजे काय हे ज्याने कधी हत्तीची सोंड समोरून काढून बघितलीय त्यालाच समजेल. मागे सोनं नाही, निळं आभाळ आहे, म्हणून त्यांना उडायला जागा तरी आहे. सोन्यात उडता येत नाही.

आणि हा माणूस आभाळाकडे बघणारा होता. त्याच कपेलात तीन राजे बाळ येशूला भेटायला येतात ते चित्र आहे, तिथे गोठ्यावरचा तारा नेहमीसारखा टोकदार तारा नाही, शेपटीचा धूमकेतू आहे, लालसर, पेटलेला. १३०१ साली हॅलेचा धूमकेतू दिसला होता, तोच बघून काढला असं मानतात, आणि म्हणूनच १९८६ ला तो परत आला तेव्हा युरोपने त्याच्याजवळ पाठवलेल्या यानाचं नाव जोत्तो ठेवलं होतं.

आता पर्स्पेक्टिव्ह. ते आलं हे खरं, मासाच्चो या चित्रकाराने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये १४२७ च्या सुमाराला त्रिमूर्तीचं, म्हणजे पिता पुत्र पवित्र आत्म्याचं चित्र काढलं त्यात भिंत फोडून आत दुसरं कपेल बांधल्यासारखं वाटतं, छताच्या चौकटी मोजून घ्याव्यात इतक्या नेमक्या, आणि सगळ्या रेघा जिथे मिळतात तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीला. मी ते बघून थक्क झाले. आणि मासाच्चो त्यानंतर लगेच, सत्ताविशीच्या आत, गेला हे वाचल्यावर तर फार वाईट वाटलं. पण म्हणून त्याच्या आधी खोली नव्हती असं कसं म्हणता येईल? उलट पादुआच्याच कपेलात वेदीच्या कमानीच्या दोन बाजूंना जोत्तोने दोन रिकाम्या खोल्या रंगवल्यात, आत कोणी नाही, वर छत, मध्ये टांगलेला दिवा, खिडकी, आणि दोन्हींच्या रेघा अशा लावल्यात की कपेलच्या मध्ये उभं राहिलं की खरंच भिंतीपलीकडे जागा आहे असं वाटतं. म्हणजे रेघेची खोली त्याला सुचत नव्हती असंही नाही. सुचत होती, करून दाखवली, आणि विलापाच्या वेळी त्याने ती वापरली नाही, माणसं वापरली. माझं म्हणणं एवढंच आहे की रेघेने घर आत जातं आणि पाठीने आपण आत जातो, आणि ही दुसरी गोष्ट जास्त जुनी आणि जास्त अवघड आहे.

भिंतीबद्दल एक सांगते, कारण हे आपल्या लोकांना लगेच कळेल. ही चित्रं ओल्या चुन्यावरची आहेत. सकाळी दिवसभरात होईल तेवढ्याच भागाला गिलावा करायचा, तो ओला असेपर्यंत पाण्यात कालवलेला रंग लावायचा, चुना सुकताना हवेशी मिळून दगडासारखा होतो आणि रंग आत धरून ठेवतो. चुकलं तर खरवडून पुन्हा गिलावा, खाडाखोड नाही. निळा रंग मात्र ओल्यावर टिकत नसे म्हणून तो सुक्या भिंतीवर वरून लावायचे, त्यामुळे आज बाकीचे रंग शाबूत आहेत आणि बरेच ठिकाणी निळा उडालाय, मेरीचा झगा बघा. आपल्या उत्तर गोव्यातल्या जुन्या देवळांत कावी आहे, तीही चुन्याचीच, ओलं असतानाच वरचा तांबडा थर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. माझ्या आजोळच्या गावी देवळाच्या भिंतीवर कावीचा हत्ती होता, लहानपणी बोट फिरवायचे त्याच्यावरून. तो हत्ती चपटा आहे, आणि त्याला खोली नको होती, त्याला वेलीबरोबर भिंतभर धावायचं होतं. चपटं म्हणजे न जमलेलं असं नसतं. कोणत्या कामाला काय लागतं ते आधी बघावं, मग जमलं की नाही ते म्हणावं.

परत आल्यावर मी तिथून आणलेलं चित्राचं मोठं कार्ड आमच्या शेजारच्या आंटीला दाखवलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये मोतेत, म्हणजे त्या दिवसांतली भक्तिगीतं, गायला अजून जातात, शुभ शुक्रवारी क्रुसावरून मूर्ती उतरवतात ते सगळं त्यांनी सत्तर वर्षं बघितलंय. मी म्हटलं आंटी, बघा आई कशी रडतेय. त्यांनी चष्मा लावला, कार्ड खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “ती रडना गो. ती ताका निमाणें पळयता.” ती रडत नाही, शेवटचं बघून घेतेय. मी परत बघितलं तर खरंच, भुवया आवळलेल्या आहेत पण नजर थेट आहे, ते तोंड मनात साठवून घेतल्यासारखी. पादुआला पंधरा मिनिटं बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शाळांमध्ये ड्रॉईंगच्या तासाला पर्स्पेक्टिव्ह म्हणजे रेल्वेचे रूळ आणि दोन्ही बाजूंचे खांब, एवढंच शिकवतात. माझ्या मुलीने पण तेच काढलं, पट्टीने, छान मार्क मिळाले. जे चित्रकलेचे शिक्षक हे पत्र वाचतील त्यांना विनंती आहे की एकदा वर्गात पाचसहा मुलांना जमिनीवर गोल बसवा, मध्ये कोणाला तरी झोपवा, आणि बाकीच्यांना बाहेरून ते काढायला सांगा, पाठीकडून. रबर भरपूर लागेल. आणि जुन्या गोव्याला सहल नेता तेव्हा बॉं जेझू चर्चमध्ये सांव फ्रांसिस शाव्हियेरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा नीट दाखवा, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने केलाय, तिथल्या मेदिची राजघराण्याने पाठवलेला, १६९८ ला इथे बसवला. त्याच्यावरच्या ब्राँझच्या पट्ट्यांत माणसं एकामागे एक कशी उभी केलीत, पुढची उठावदार आणि मागची जवळजवळ सपाट, ते मुलांना बोटाने दाखवता येईल. जोत्तोच्याच गावचं काम आहे, तिकीट काढून इटलीला जायला नको.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हे चित्र पुन्हा एकदा पुरवणीत छापा, रंगीत आणि पूर्ण, चारी बाजूंच्या काठासकट. लहान आलं तरी चालेल. फक्त पानाच्या घडीवर येऊ देऊ नका, घडी नेमकी त्या दोघींच्या पाठीवरून जाईल.

आपली,
एक वाचक
शिवोली, बार्देश